तिकीट काढून आत आलात? आता जाहिरात बघा!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. जाहिरात कुणासाठी असते?

तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला? जो अजून दुकानात आलेला नाही, त्याच्यासाठी!" अगदी बरोबर. सिनेमाचं पोस्टर नाक्यावर लागतं, थिएटरच्या आत खुर्चीसमोर लागत नाही. कारण खुर्चीत बसलेल्याने तिकिटाचे पैसे केव्हाच दिलेले असतात. त्याला आता काय पटवायचं?

पण जगात एक जागा अशी आहे, जिथे तिकीट काढून आत आलेल्या माणसांसाठीच मोठमोठी, सुंदर पोस्टरं लावली गेली. आणि तीही थोडीथोडकी नाही, तर जवळजवळ सत्तर वर्षं! ती जागा म्हणजे अमेरिकेतलं डिस्नेलँड. असं का झालं, याची गोष्ट मोठी मजेशीर आहे.

सिनेमावाल्याची बाग

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्निया राज्यातल्या अ‍ॅनाहाइम गावी डिस्नेलँड सुरू झालं. ते उभारणारे वॉल्ट डिस्ने मुळात सिनेमावाले. मिकी माऊस त्यांचाच, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे बाग उभारतानाही त्यांच्या डोक्यात सिनेमाच होता.

आजही डिस्नेलँडच्या दारातून आत गेलं की समोर येतो आगगाडीचा रूळ. तो उंच बांधावर आहे. त्याच्याखालून जाणाऱ्या छोट्याशा बोगद्यातून पलीकडे जायचं, की मग बाग दिसते. म्हणजे हा बांध झाला थिएटरचा पडदा. आणि थिएटरच्या पडद्याआधी काय असतं? बाहेरच्या दालनात लावलेली 'लवकरच येत आहे'ची पोस्टरं! तशीच पोस्टरं या बोगद्यांत आणि बागेच्या दर्शनी भागात झळकू लागली. पहिली पोस्टरं साधारण १९५६ मध्ये लागली. रुंदी ३६ इंच, उंची ५४ इंच. म्हणजे चौथी-पाचवीतल्या मुलाएवढी उंच!

पण नुसती शोभा हा काही त्यांचा उद्देश नव्हता. त्यामागे पैशांचं गणित होतं.

ए, बी, सी, डी आणि ई

आज बहुतेक मोठ्या बागांमध्ये एकदा तिकीट काढलं की बरेचसे खेळ कितीही वेळा खेळता येतात. तेव्हा तसं नव्हतं. दारावरचं तिकीट वेगळं आणि प्रत्येक राइडचं वेगळं. ऑक्टोबर १९५५ पासून तिकिटांच्या पुस्तिका निघाल्या. त्यांत ए, बी आणि सी अशी तिकिटं असायची. ए म्हणजे साधा, स्वस्त खेळ. जसं अक्षर पुढचं, तसा खेळ मोठा. पुढे १९५६ मध्ये डी आलं आणि १९५९ मध्ये आलं सगळ्यांचं लाडकं 'ई' तिकीट.

आता स्वतःला त्या जागी ठेवून बघा. हातात पुस्तिका आहे. ई तिकिटं मोजकीच. आई-बाबांनी आधीच बजावलंय, "पुन्हा पुस्तिका मिळणार नाही हं!" एकीकडे पाणबुडी, एकीकडे बर्फाच्या डोंगरावरून सुसाट खाली येणारी गाडी. जायचं कुठे? चुकीच्या खेळावर तिकीट गेलं, तर घरी जाईपर्यंत हळहळ!

नेमक्या याच क्षणी ती पोस्टरं बोलायची. "मी इथे आहे, मला विसरू नका!" प्रत्येक खेळाचं एक पोस्टर. म्हणजे आत आलेल्या माणसालाही अजून बरंच काही निवडायचं होतं, म्हणून आतल्या माणसासाठी जाहिरात!

या ई तिकिटाचा दरारा एवढा, की त्याचा अमेरिकेत वाक्प्रचारच झाला. १८ जून १९८३ रोजी सॅली राइड अंतराळात गेल्या. त्या अमेरिकेच्या पहिल्या महिला अंतराळवीर, आणि कॅलिफोर्नियातल्याच. यान वर गेल्यावर त्यांनी त्या उड्डाणाचं वर्णन काय करून केलं, ठाऊक आहे? हे नक्कीच ई तिकीट होतं, असं म्हणून! गंमत म्हणजे, त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, डिस्नेलँडमधून ही तिकिटं बंद झाली होती. तिकीट गेलं, शब्द मात्र राहिला.

रांगोळीचा छापा आणि 'ठ'चं कोडं

ही पोस्टरं छापायची कशी? सिनेमाची पोस्टरं गावोगावी जातात, म्हणून ती हजारोंनी छापतात. इथे सगळी एकाच बागेत लावायची. थोड्याच प्रतींसाठी मोठं छापखान्याचं यंत्र लावणं परवडत नाही. म्हणून निवडलं गेलं स्क्रीन प्रिंटिंग.

रांगोळीचा छापा तुम्ही पाहिलाय ना? पत्र्याला भोकं असतात. वरून रांगोळी सोडली की खाली नक्षी उमटते. स्क्रीन प्रिंटिंगचं तत्त्व तेच. पण त्यात एक अडचण आहे. समजा, जाड कागद कापून तुम्हाला 'ठ' अक्षराचा छापा करायचाय. अक्षराची गोल रेघ कापलीत, की मधला तुकडा टपकन खाली पडणार! त्याला धरून ठेवणार कोण?

इथे कामाला येते रेशमाची जाळी. लाकडी चौकटीवर तलम रेशमी कापड ताणून बसवायचं. पातळ फिल्मवर धारदार पात्याने आकार कापायचा आणि ती फिल्म कापडाला चिकटवायची. 'ठ'चा मधला तुकडा आता कापडाला चिकटून जागच्या जागी राहतो. मग वरून शाई ओतून रबरी पट्टीने ती ओढायची. जिथे कापड उघडं, तिथून शाई खाली कागदावर उतरते. जिथे फिल्म, तिथे शाई अडते. झालं!

मात्र एका चौकटीतून एका वेळी साधारणपणे एकच रंग. पोस्टरात आठ रंग असतील, तर आठ चौकटी. जरा हिशेब करा. २०० पोस्टरं छापायची असतील, तर २०० गुणिले ८, म्हणजे १६०० वेळा रबरी पट्टी ओढायची! शिवाय प्रत्येक रंग वाळेपर्यंत थांबायचं. आणि पुढचा रंग अगदी नेमक्या जागी बसला पाहिजे. नाहीतर नाकाचा रंग गालावर!

या कष्टांमुळेच पोस्टरांना त्यांचं रूप मिळालं. रंग कमी, म्हणून चित्रकाराला विचार करून ते निवडावे लागत. हळूहळू फिकट होत जाणाऱ्या छटा काढणं अवघड, म्हणून आकार मोठे, ठसठशीत आणि सपाट. अक्षरं चित्राच्या खाली गुपचूप बसलेली नाहीत, तर चित्राचाच भाग झालेली. चालता चालता, पाच सेकंदांत, लांबून कळलं पाहिजे ना!

सुरुवातीच्या पोस्टरांपैकी बरीच ब्योर्न आरॉनसन या चित्रकाराची आहेत. पुढे रॉली क्रम्प यांच्यासारख्या, बागेतले खेळ रचणाऱ्या कलाकारांनीही पोस्टरं केली. पण पोस्टरावर सही नाही. लाखो लोकांनी चित्रं पाहिली, चित्रकाराचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत होतं.

खरं किती, खोटं किती?

आता एक नाजूक प्रश्न. पोस्टर खरं बोलायचं का?

१९५९ मध्ये पाणबुडीची सफर सुरू झाली. पोस्टरावरची पाणबुडी निळ्याशार समुद्राच्या पोटात शिरलेली. प्रत्यक्षात काय? बागेतली पाणबुडी कधी बुडायचीच नाही! ती एका तळ्यात, पाण्याखालच्या रुळावरून चालायची. प्रवासी मात्र पाण्याच्या पातळीखाली बसायचे. खिडकीबाहेर बुडबुडे सोडले, की आपण खोल खोल चाललोय असंच वाटायचं.

मग पोस्टर खोटं का? पाणबुडी कुठे आहे, असं विचारलं तर खोटं. आत बसल्यावर काय वाटेल, असं विचारलं तर खरं! पोस्टर वस्तू दाखवत नाही, वस्तूमुळे होणारा आनंद दाखवतं. यात वाईट काही नाही. पण पाहणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे. पोस्टरात काय आहे हे तर दिसतंच. काय नाही, ते आपण शोधायचं. रांग किती मोठी, ते पोस्टरात नसतं. राइड किती मिनिटांत संपते, तेही नसतं. आज टीव्हीवर, मोबाइलवर तुम्ही जाहिरात बघता, तेव्हा हाच प्रश्न विचारून बघा. बऱ्याच वेळा आई-बाबांचे पैसे वाचतील!

चंद्र जुना झाला

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग.

१९५५ मध्ये डिस्नेलँडमध्ये एक खेळ होता 'रॉकेट टू द मून'. माणूस तोवर चंद्रावर गेलेला नव्हता. माणसाने पाठवलेला एकही उपग्रह आकाशात नव्हता! एका गोल खोलीत प्रेक्षक बसायचे. एक पडदा छतावर, एक जमिनीवर. छतावर चंद्र जवळ येताना दिसायचा, जमिनीवर पृथ्वी दूर जाताना. हा खेळ टीडब्ल्यूए या विमान कंपनीने पुरस्कृत केला होता. म्हणजे संदेश असा, की आज आमच्या विमानाने मुंबईला जा, उद्या चंद्रावर!

१९६७ मध्ये खेळ नव्याने बांधला, नाव झालं 'फ्लाइट टू द मून'. आणि दोनच वर्षांनी, २० जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ खरोखरच चंद्रावर उतरलं. आली का पंचाईत! जे स्वप्न म्हणून विकत होतो, ते लोकांनी घरबसल्या टीव्हीवर पाहिलं. चंद्र जुना झाला! मग १९७५ मध्ये खेळाचं नाव बदलून केलं 'मिशन टू मार्स', मंगळाची मोहीम. १९९२ मध्ये तोही बंद पडला आणि पुढे त्या इमारतीत पिझ्झाचं हॉटेल निघालं. टीडब्ल्यूए कंपनीही २००१ मध्ये इतिहासजमा झाली.

म्हणजे बघा, खेळ गेला, रॉकेट गेलं, कंपनी गेली. उरलं काय? कागदाचं पोस्टर! १९५५ च्या सुमाराला माणसांना उद्याचा दिवस कसा वाटत होता, हे तो कागद आज आपल्याला सांगतो. जाहिरात म्हणून लावलेला कागद इतिहासाचा पुरावा झाला. पाणबुडीची ती जुनी सफर १९९८ मध्ये बंद झाली. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या 'उडत्या तबकड्या' तर १९६१ ते १९६६ एवढ्याच टिकल्या. यांच्याही आठवणी पोस्टरांतच उरल्या आहेत.

मजा अशी, की ती जपून ठेवायची असं तेव्हा फारसं कुणाच्या मनात आलं नाही. ऊन लागून रंग उडायचे, खेळ बदलायचा, पोस्टर उतरायचं. जी थोडी उरली, त्यांना आज लिलावात हजारो डॉलर मिळतात. २०१२ मध्ये या पोस्टरांवर एक मोठं पुस्तकही निघालं. आणि डिस्नेलँडच्या त्या बोगद्यांत आजही पोस्टरं लागतात. ई तिकीट नसलं म्हणून काय झालं? दिवस तर एकच असतो ना! काय बघायचं आणि काय सोडायचं, हे आजही ठरवावं लागतंच.

करून बघा

१. भिंग घ्या आणि वर्तमानपत्रातला रंगीत फोटो बघा. चार रंगांचे बारीक ठिपके दिसतील. आता घरातली स्क्रीन प्रिंटिंगची लग्नपत्रिका बघा. ठिपके नाहीत, शाईचा सलग थर! बोटाने तो थोडा उंचही लागेल. जुनं अस्सल पोस्टर आणि त्याची आजची छापील नक्कल यांतला फरक ओळखायला जाणकार हीच युक्ती वापरतात.

२. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं पोस्टर करा. अट एकच, रंग फक्त तीन. घोटीव कागद कापून चिकटवलात तरी चालेल. मग ते भिंतीला लावून दहा पावलं मागे जा. पाच सेकंदांत कार्यक्रम कोणता, कुठे आणि कधी हे कळलं, तर तुम्ही पास!

३. तुमच्याकडच्या सर्कशीचं, जत्रेचं, नाटकाचं एखादं तिकीट किंवा हँडबिल असेल तर फेकू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि गाव लिहा आणि जाड वहीत, उन्हापासून लांब ठेवा. आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत ही वही रद्दीत जाऊ देऊ नका. तारीख नसलेला कागद नुसता कागद असतो. तारीख लिहिली, की तो बोलायला लागतो.