कात्रणवह्या रद्दीत घालू नका

शाळेच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून असेल, कुणी घर आवरून रद्दी बांधायला घेतली की माझी नजर आधी फुगलेल्या वह्या शोधते. कात्रणं चिकटवलेली वही मिटत नाही, लगेच ओळखू येते.

माझ्या आत्याची अशी एक वही मी जपून ठेवली आहे. लिंबाच्या गोड लोणच्याची कृती, बाळाच्या टोपड्याचा विणकामाचा नमुना, १९८३ च्या विश्वचषकासह कपिल देव; आणि मध्येच, सलग कितीतरी पानं, १९८२ च्या गिरणी संपाच्या बातम्या. आत्याचे यजमान लालबागच्या एका गिरणीत होते. संपावर पुस्तकं लिहिली गेली. पण त्या दिवसांत गिरणी कामगाराच्या बायकोला कोणती बातमी कापून ठेवावीशी वाटली, हे मला फक्त या वहीत सापडतं. तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव तिने प्रत्येक कात्रणावर पेन्सिलीने लिहिलं आहे. मैद्याच्या खळीत ती किंचित मोरचूद घालायची, म्हणून कसर लागली नाही. खळही एकाच कडेला लावायची, मागची बाजू वाचता यावी म्हणून.

हा नाद जगभर होता. अमेरिकेत मार्क ट्वेनने १८७३ मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं; पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं. पण मला मोठा वाटतो तो फिलाडेल्फियाचा विल्यम डॉर्सी. गुलामगिरीतून सुटलेल्या बापाचा हा मुलगा आपल्या शहरातल्या कृष्णवर्णीयांविषयी छापून आलेलं वर्षानुवर्षं कापून चिकटवत राहिला. जवळजवळ चारशे वह्या झाल्या. त्या पुढे एका विद्यापीठात सापडल्या आणि रॉजर लेन या इतिहासकाराने त्यांच्या आधारे १९९१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

आज स्क्रॅपबुकची तयार किट मिळतात: नक्षीचे कागद, स्टिकर, सोनेरी फिती. मुलींनी ती हौसेने सजवावीत, हातांना छान काम मिळतं. मात्र काय ठेवायचं हे आपणच ठरवण्यातला आनंद किटमध्ये मिळत नाही, आणि वहीला मोल येतं ते त्या निवडीमुळेच. मोबाइलमध्ये साठवलेल्या बातम्यांचंही तेच. तिथे साठवायला काहीच मोजावं लागत नाही, म्हणून निवडही होत नाही.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. तो पिवळा पडणार, तुटणार. म्हणून जुनी वही हाती आली तर आधी पानापानाचे फोटो काढा. कात्रणं सोडवून लॅमिनेशन मुळीच करू नका. वही कुणाची, ती व्यक्ती काय काम करायची, कुठे राहायची, हे पहिल्या पानावर लिहा. आणि गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना माझी कळकळीची विनंती आहे: अशा वह्यांसाठी एक कपाट राखा, दाखल नोंदवहीत त्यांना पुस्तकासारखा क्रमांक द्या. आत्याची वही द्यायला मी तयार आहे.