जखमेचं नाव विचारा

जीव द्यायला निघालेला आपला पोरगा वाचतो, वॉर्डात येतो. डॉक्टर झोप विचारतात, भूक विचारतात. गोळी देतात, ती हवीच. पण त्याच्यावर काय गुदरलं ते विचारत न्हाईत. रोहित वेमुला (२०१६), पायल तडवी (२०१९) यांच्यानंतर देशभर छळावर बोललं गेलं. केसपेपरात त्याला रकाना कुठाय?

म्हणे, जखम उघडली तर पेशंट बिथरेल. च्यायला, ती मिटली होती कधी? मी गिरणीत पाळी करणारा, पवनानगरचा. भिंतीच्या भ्यानं धरणाची दारं कुणी कायमची बंद ठेवत नाही. पाणी बेतानं सोडतात. आघातावरचे उपचारही वॉर्डातच, नजरेखाली, थोड्या बैठकांत करता येतात.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, अशा माणसाची काळजी, उपचार, पुनर्वसन सरकारचं कर्तव्य. नुसत्या गोळ्यांवर घरी धाडत असतील तर हे कलम पुढं ठेवा, मगच सहीचं बघू.