खवीस, जिन्न आणि साखळी

साताऱ्या-सांगलीकडे एखादी सून अन्न टाकून भिंतीकडे टक लावून बसूं लागली, कीं घरांतलें वडील माणूस म्हणतें, "हिला खविसानें धरलें." खवीस हा शब्द अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट, नापाक यावरून आला. लोकांनीं त्याला मुसलमानाचें भूत ठरवून झाडावर बसविलें. मुसलमान घरांत त्याच दुखण्यास जिन्नाची बाधा म्हणतात. भुतांच्या बाबतींत तरी दोन्ही समाजांची एकी आहे. हिंदूची सून फकिराकडे नेतात, मुसलमानाची लेक भगताकडे!

कुराणांत जिन्नांचा उल्लेख आहे. बहात्तरावी सूरा त्यांच्याच नांवाची आहे. ते निर्धूम अग्नीपासून निर्माण झाले, त्यांत भाविक आहेत तसे अभाविकही, असें तेथें सांगितलें आहे. परंतु आजारी माणसास चाबकानें मारावें, मिरच्यांची धुरी द्यावी, साखळीनें जखडावें, असें त्यांत कोठेंही नाहीं. मिरजेस ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यांत दोन्ही समाज माथा टेकतात. त्या भक्तीवर आमचा मुळींच आक्षेप नाहीं. आमचा आक्षेप साखळीवर आहे. तमिळनाडूंत एरवाडी येथें दर्ग्यानजीकच्या एका खाजगी आश्रमांत ६ ऑगस्ट २००१ रोजीं पहांटे आग लागली. जखडलेल्या मनोरुग्णांस पळतां येईना. २८ जीव गेले.

कोणी म्हणतील, उताऱ्यानें गुण येतो. मनाचीं कांहीं दुखणीं आपोआपही चढतात व उतरतात. उतरलें तर श्रेय मांत्रिकाचें, न उतरलें तर हट्ट जिन्नाचा! नमुना पाहिल्यावांचून सौदा न करणारे आमचे व्यापारी बंधु हा सौदा मात्र डोळे मिटून करितात, याचें आम्हांस नवल वाटतें.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा मंजूर केला. भूत उतरविण्याच्या मिषानें बांधणें, मारणें, धुरी देणें यांस त्यान्वयें सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. मांत्रिक हिंदु कीं मुसलमान, हें कायदा पाहत नाहीं.

परंतु घरच्यांनींच तोंड मिटलें, तर कायदा काय करणार? म्हणून वाचकांस आमची विनंति इतकीच कीं, घरांत असें दुखणें आलें तर प्रथम मनोविकारांच्या डॉक्टराकडे जावें. दंडावर ताईत बांधावयाचा असेल तर खुशाल बांधावा. पायांत साखळी मात्र घालूं नये.