यादीत नाव असलेल्यांचे निर्दोषत्व

३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि पारधी, कैकाडी, कंजारभाट, रामोशी अशा कित्येक जमातींच्या कपाळावरचा शिक्का निदान कागदोपत्री पुसला गेला.

इंग्रजांनी तो कायदा १८७१ साली केला. जमात एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की न्यायालयातही दाद मागता येत नसे. पुढच्याच वर्षी, १८७२ साली, त्याच सरकारने पुराव्याचा कायदा आणला. आरोप करील त्यानेच तो सिद्ध करावा, असे तो कायदा सांगत असे. यादीतल्या जमातींच्या वाट्याला मात्र हजेरी आली, आणि परवान्यावाचून हद्द ओलांडली तर शिक्षा. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.

कुंपण गेले, संशय गेला नाही. जून २००३ मध्ये नाशिक रोडजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, बलात्कार आणि खून झाले. त्यातून वाचलेल्या आईने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले चौघांचे फोटो ओळखले. त्या चौघांचा तपास झालाच नाही. खटला चालला तो भटक्या जमातींतल्या सहा गरीब मजुरांवर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्यांना निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि असे गरीब भटके खोट्या गुन्ह्यात गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही नोंदवले. तोवर त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. आणि त्या आईला तरी कुठे न्याय मिळाला? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले.

म्हणून आरोपीला निर्दोष मानण्याची सुरुवात चौकीतच व्हायला हवी. चोरी झाली की पहाटे आधी पालांवर गाडी जाते. कोणाला उचलले, कशावरून, हे विचारायला गेलेल्या बाईला दारातूनच हाकलतात. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांना बजावले आहे. गेल्या वर्षभरात या वस्त्यांतून किती जणांना चौकशीसाठी नेले आणि त्यांपैकी किती जणांवर दोषारोपपत्र दाखल झाले, हे राज्याच्या गृहखात्याने ठाण्यांकडून मागवावे आणि विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे.