अक्षर कोणाच्या हातचे?

अक्षरांचे प्रदर्शन म्हटले की आमचे निम्मे वाचक पान उलटतील, हे आम्ही जाणून आहोत. चित्रांचे प्रदर्शन एक वेळ समजू शकते; पण भिंतीवर नुसती अक्षरे टांगलेली, त्यात पाहावयाचे काय? शिवाय असल्या प्रदर्शनांना आणि व्याख्यानांना जाणारी मंडळी वेगळी, आपले तिथे काम नाही, असाही समज आपल्या वस्त्यांतून पक्का बसलेला आहे. तो थोडा तरी हलावा यासाठी आजचा हा लेखप्रपंच.

निमित्त घडले ते एका व्याख्यानाचे. सुलेखनाच्या प्रदर्शनाला जोडून ते ठेवलेले होते. वक्ते जाणकार होते, बोलणेही रसाळ. परंतु बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की, वळणदार अक्षर ही घराण्यातून येणारी देणगी आहे. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पोथ्या लिहिल्या गेल्या, त्यांच्याच बोटांत ते उतरते. सभागृहात माना डोलल्या. आमच्याबरोबर मंडळातील दोन मुली होत्या, नववी-दहावीच्या. परतताना लोकलमध्ये धाकटीने विचारले, "काका, मग आपल्याला ते कधीच यायचे नाही का?" तिला आम्ही गाडीत जे सांगितले ते थोडक्यात होते. येथे सविस्तर सांगतो.

रोमन अक्षरांच्या सुलेखनाला विसाव्या शतकात ज्याने पुन्हा उभे केले, त्या माणसाचे नाव एडवर्ड जॉन्स्टन. जन्म १८७२ चा, दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे देशातला. हा गृहस्थ एडिनबरोला डॉक्टरकी शिकत होता. प्रकृती साथ देईना म्हणून ती सोडली आणि १८९८ साली लंडनची वाट धरली. युरोपात छापखाना येऊन तेव्हा साडेचारशे वर्षे होत आली होती आणि रुंद टोकाच्या लेखणीने ग्रंथ लिहिण्याची विद्या लोक जवळजवळ विसरले होते. शिकविण्यास गुरू नाही, घरी पोथ्यांची परंपरा नाही. जॉन्स्टन ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसू लागला आणि जुनी हस्तलिखिते पाहून पाहून शिकला. त्यातले एक, दहाव्या शतकाच्या अखेरचे प्रार्थनास्तोत्रांचे पुस्तक, त्याने पुढे विद्यार्थ्यांसाठी कित्ता म्हणून घेतले.

त्याला जे सापडले ते सांगावयास सोपे आहे. अक्षरातला जाड भाग आणि बारीक भाग लिहिणारा मुद्दाम काढत नाही. लेखणीचे टोक रुंद कापलेले असले आणि ती एकाच कोनात धरून चालवली, की जाड-बारीक आपोआप उमटते. जॉन्स्टनच्या कित्त्यात हा कोन सुमारे तीस अंशांचा. अक्षराची उंचीही मनाला येईल तशी नाही, टोकाच्या रुंदीच्या पटीत मोजावयाची. चौपट उंची ठेवली तर अक्षर भरदार दिसते, सहापट ठेवली तर हलके. ज्यांनी शाळेत बोरूने पुस्ती लिहिली असेल, त्या ज्येष्ठांना यात नवे काही वाटणार नाही. देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरपे कापतात ते याचसाठी. बोरू नीट कापता आला नाही तर सोन्यासारखा हातही वाया जातो. आम्ही कारकून माणसे. रोजकीर्द-खतावणी लिहून लिहून ज्यांचे अक्षर घोटून सुरेख झालेले आहे असे सहकारी आम्ही पाहिलेले आहेत. त्यांत कोणाचे आजोबा पोथ्या लिहीत होते असे ऐकिवात नाही.

१८९९ च्या सप्टेंबरात जॉन्स्टनचा पहिला वर्ग भरला, लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये. ही शाळा तेव्हा तीन वर्षांची होती. तिचे वर्ग प्रामुख्याने संध्याकाळी भरत, कारण दिवसा कारागिरी करणाऱ्यांना आपला हुन्नर वाढवता यावा हा तिचा हेतू होता. आपल्याकडच्या रात्रशाळा आठवा. जॉन्स्टन फळ्यावर शिकवी. खडूची कड सपाट करून त्याचीच रुंद लेखणी बनवी आणि मागच्या बाकावरून दिसेल एवढे अक्षर एका दमात काढी. पुढील काळात त्याच्या फळ्यांची छायाचित्रे घेतली गेली, ती आजही पाहावयास मिळतात. १९०६ साली त्याने ही सारी विद्या एका पुस्तकात उघडी केली. पीस कसे कापावे, शाई कशी घ्यावी, सोन्याचा वर्ख कसा चढवावा, काहीही हातचे राखले नाही. विद्या कुलुपात ठेवण्याची सवय असलेल्या देशातील आम्हा लोकांना या पुस्तकाचे मोल अधिक वाटावे.

आमच्या भगिनींसाठी येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अ‍ॅना सिमन्स ही जर्मन तरुणी. प्रशियातील कलाशाळा त्या काळी स्त्रियांना प्रवेश देत नसत म्हणून ती लंडनला आली आणि जॉन्स्टनची शिष्या झाली. तिने १९१० साली गुरूचे पुस्तक जर्मन भाषेत नेले, स्वतः वर्ग घेतले, आणि जर्मनीत अक्षरकलेची जी नवी लाट आली तिच्या मुळाशी या बाईचे काम आहे. ज्या देशाने तिला दार बंद केले, त्याच देशाला तिने शिकविले.

१९२१ साली जॉन्स्टनच्या परंपरेत शिकलेल्यांनी लंडनमध्ये सोसायटी ऑफ स्क्राइब्ज अँड इल्युमिनेटर्स ही संस्था काढली. शंभर वर्षे उलटली तरी ती चालू आहे. व्याख्याने, वर्ग, प्रदर्शने हेच तिचे काम. आज जगभर अक्षरप्रेमी मंडळे जे करतात त्याचा नमुना तेथे पाहावयास मिळतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पाट्यांसाठी जॉन्स्टनने साधी, बिनकाट्यांची अक्षरे आखून दिली. ती वापरात आली १९१६ साली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कहून लंडनला पोहोचले. ज्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन्स्टन हस्तलिखितांवर वाकून बसे, त्याच इमारतीतील ग्रंथालयात बाबासाहेब पुढे दिवसचे दिवस वाचत बसले. दोघांची गाठ पडली असे कोठे नमूद नाही. पण दोघांनाही ते दार उघडे मिळाले होते.

आता ग्रंथकलेतील एका वस्तूविषयी. अशा प्रदर्शनांत काचेखाली ठेवलेली जी सर्वांत मौल्यवान पाने असतात ती बहुधा कागदाची नसतात, वासराच्या कातड्याची असतात. त्याला व्हेलम म्हणतात. कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, केस काढायचे, लाकडी चौकटीवर ताणून बांधायचे आणि चंद्रकोरीसारख्या सुरीने खरवडत पातळ करायचे. इंग्लंडमध्ये पार्लमेंटच्या कायद्यांची जतन करावयाची प्रत शतकानुशतके कातड्यावर असे. अगदी अलीकडे, २०१७ पासून आतली पाने कागदाची झाली, वेष्टन मात्र कातड्याचेच राहिले. वाचकहो, चुन्याच्या हौदात हात घालणाऱ्या माणसाला आपल्या देशात गावाच्या शिवेबाहेर बसविले गेले. तिकडे त्याच कामातून निघालेल्या पानावर राज्याचा कायदा लिहिला गेला आणि ते पान पाहावयास लोक रांग लावतात. कातडे तेच, चुना तोच. प्रदर्शनात हे कोणी समजावून सांगत नाही, आपणच विचारावे लागते.

आणि विचारावयाचा दुसरा प्रश्न म्हणजे, हे लिहिले कोणी? कर्नाटकात ब्रह्मगिरी येथे सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. त्याच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपले नाव दिलेले आहे, चपड. 'लिपिकाराने' हा शब्द मात्र त्याने ब्राह्मीत न लिहिता खरोष्ठीत लिहिला. खरोष्ठी ही वायव्येकडची, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी. म्हणजे सम्राटाची आज्ञा कोरताना हा लिपिक दोन लिप्या जाणतो हेही दाखवून गेला! सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या या व्यवसायबंधूविषयी आम्हाला फार आपुलकी वाटते. मुंबईच्या वाचकांना ब्रह्मगिरी दूर पडेल; त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. सोपाऱ्याला १८८२ साली सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तेथे आहे. मुलांना तो दाखवताना अक्षरे किती मोजकी आणि सरळ आहेत तेही दाखवावे.

आपल्या संविधानाची मूळ प्रत छापलेली नाही, हाताने लिहिलेली आहे. २४ जानेवारी १९५० रोजी बाबासाहेबांसह सदस्यांनी सह्या केल्या त्या इंग्रजी प्रतीचे लेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली. पाने सजविली नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी. उद्देशिकेचे पान जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा यांच्या हातचे. रायजादांनी मोबदला नाकारला आणि प्रत्येक पानावर आपले नाव राहावे एवढीच अट घातली, असे सांगतात. आता रायजादा हे सुलेखकांच्या घरातले, आजोबांच्या हाताखाली शिकलेले. म्हणजे त्या वक्त्यांचे बरोबरच की, असे कोणी म्हणेल. घरात दौत-लेखणी असणे, चुकलेले अक्षर दुरुस्त करणारे आजोबा असणे हा मोठा लाभ आहे, तो आम्ही नाकारीत नाही. पण आजोबांना शिकवावे लागले आणि नातवाला शिकावे लागले, एवढे तरी त्यातून सिद्ध होते. ज्या घरांना दौत-लेखणीला शिवू दिले नाही, त्यांच्या बोटांचा दोष कसा काढावयाचा?

नाव कळले की अक्षराकडे पाहण्याची नजर बदलते, याचा अनुभव आम्ही कचेरीत घेतला. संगणकावर मराठी टिपणी लिहिताना जो 'मंगल' टंक अनेक वर्षे आमच्यासमोर आला, तो र. कृ. जोशी यांनी घडविला, हे आमच्या टेबलांवर कोणालाच माहीत नव्हते. जोशी सर २००८ साली गेले. कवी, सुलेखक, आयआयटीत शिकविलेले अध्यापक. नाव कळल्यावर एका सहकाऱ्याने 'मंगल'मधला 'ळ' मोठा करून कितीतरी वेळ पाहिला आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

सुलेखक अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र आमच्या वस्त्यांतील बोर्ड रंगविणाऱ्या पेंटरांची नावे कोणत्या भिंतीवर लागणार? १४ एप्रिलचे निळे कापडी फलक, विहाराची पाटी, वाचनालयाचा फळा, मोर्चाच्या आदल्या रात्री भिंतीवर ओढलेली हातभर उंचीची अक्षरे ही त्यांची कामे. दोरीला चुना लावून रेघ मारायची, खडूने अंदाज घ्यायचा आणि ब्रश टेकला की न थांबता कानापासून वेलांटीपर्यंत जायचे. शिक्षण झाले ते उस्तादाच्या शिडीखाली रंगाचा डबा धरून. फ्लेक्स आला आणि पाच-सात वर्षांत त्यांचे हात रिकामे झाले. कोणी रिक्षा चालवतो, कोणी वॉचमन झाला. पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अमुक आर्ट्स' लिहिण्याची त्यांची पद्धत होती. चपडाची आठवण व्हावी अशी. त्या पाट्याही आता पत्र्याच्या भावात भंगारात चालल्या आहेत.

म्हणून आमची सूचना अशी की, मोठ्या कलादालनातील प्रदर्शने पाहावयास मुलांना जरूर न्या (मुंबईच्या जहांगीर कलादालनात प्रवेशाला पैसे पडत नाहीत), वक्त्यांना धीटपणे प्रश्न विचारा, लेखणी कोणती आणि कोन किती ते विचारा, पण एक प्रदर्शन आपल्या विहाराच्या सभागृहातही भरवा. भंगारात जाण्याआधी जुन्या पाट्या आणा. ज्या आणता येत नाहीत त्यांचे फोटो लावा. प्रत्येकीखाली रंगविणाऱ्याचे नाव, वर्ष आणि तो कोणाकडे शिकला ते लिहा. आणि व्याख्यानाला त्याच पेंटरकाकांना बोलवा. त्यांना भाषण येणार नाही. हातात ब्रश द्या, समोर काळा पत्रा ठेवा आणि मुलांना जवळ बसवा.

मुलांना लगेच करून पाहावयाचे असेल तर बोरूचीही गरज नाही. दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरून दोऱ्याने घट्ट बांधाव्या, टोके एका रेषेत आणावी आणि कोन न बदलता 'ग' काढावा. दोन रेघांच्या मधल्या जागेत अक्षर कोठे रुंद होते, कोठे मिटते ते स्पष्ट दिसते. जुन्या वहीची पाठकोरी पाने यास उत्तम.