उतारवयातही उतारावर

अमेरिकेतील युटा राज्यातले ज्युनिअर बाउनस यांनी २०२१ मध्ये हेलिकॉप्टरने डोंगरमाथा गाठून तिथून स्कीइंग केले, तेव्हा त्यांचे वय ९५ होते. असे करणारी सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. बातमी त्यांच्या एकट्याची झाली, पण हा छंद कधीच एकट्याचा नव्हता. पत्नी मॅक्सिन यासुद्धा स्कीइंगमध्ये तरबेज. युटातले आल्टा, कॅलिफोर्नियातले शुगर बाउल आणि १९७१ मध्ये सुरू झालेले स्नोबर्ड अशा ठिकाणी ज्युनिअर यांनी शिकवण्याचे काम केले. स्नोबर्डच्या स्की प्रशिक्षण शाळेचे ते पहिले संचालक. डोंगर बदलत गेले, पण दोघांचे बर्फात उतरणे म्हातारपणीही सुटले नाही.

याकडे श्रीमंत देशातली हौस म्हणून पाहिले, तर त्यातला आरोग्याचा मुद्दा निसटतो. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर ही घट वेग घेते. मांड्यांमधली ताकद गेली की खुर्चीतून उठणे, जिना उतरणे, तोल सावरणे अवघड होते. त्यातून पडणे, खुब्याचे हाड मोडणे, अंथरुणाला खिळणे अशी साखळी सुरू होते. स्कीइंगमध्ये गुडघे वाकवून उतारावर शरीराचा भार सतत पेलावा लागतो. म्हणजे नेमके मांड्यांचे स्नायू आणि तोल यांनाच काम मिळते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग इथल्या संशोधकांनी साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना १२ आठवडे प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली स्कीइंग करायला लावले. त्यांच्या पायांची ताकद आणि दमसास दोन्ही वाढल्याचे दिसले.

यात जोडीदाराचे महत्त्व मोठे आहे. व्यायाम सुरू करणे सोपे, टिकवणे कठीण. एकाला कंटाळा आला तर दुसरा बाहेर काढतो. एकाचा वेग मंदावला तर दुसऱ्याच्या आधी लक्षात येते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. एकाचे गुडघे दुखू लागले की दोघेही घरी बसतात, आणि सहा महिन्यांत दोघांचीही ताकद उतरते.

धोके नाहीत असे मुळीच नाही. गुडघ्याचे लिगामेंट फाटणे ही स्कीइंगमधली नेहमीची इजा. हातात काठी असताना पडल्यास अंगठ्याच्या मुळाशी दुखापत होते. हाडे ठिसूळ झालेल्यांमध्ये गुडघ्याखालचे हाड मोडू शकते. हृदयाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ऑस्ट्रियातल्या डोंगरांवर स्कीइंग करताना झालेल्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा ते प्रामुख्याने पुरुषांमध्ये, पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्यांमध्ये आणि सुट्टीच्या पहिल्या दिवसांत जास्त आढळले. वर्षभर खुर्चीत बसून एकदम उंचीवर, थंडीत आणि जोरात व्यायाम, असा तो तिहेरी ताण असतो.

तरीही ‘आता वय झाले, बंद करा’ हा सल्ला बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. असे सांगणे डॉक्टरला सोपे जाते, मुलांनाही त्यामुळे निर्धास्त वाटते, पण त्याची किंमत रुग्ण मोजतो. पडण्याची भीती खरी असली तरी न हलण्याने होणारे नुकसान अधिक निश्चित असते. ‘बंद करू का?’ यापेक्षा ‘कसे बदलू?’ हा प्रश्न उपयोगाचा. अवघड उतार सोडून सोपा घ्यावा, दिवसभराऐवजी दोन तास उतरावे, दुपारी थकल्यावरची ‘आणखी एक फेरी’ टाळावी, हेल्मेट घालावे. सहलीच्या दोन-तीन महिने आधीपासून चालणे आणि मांड्यांचे व्यायाम सुरू करावेत. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात आहेत का, हे तपासून घ्यावे. पहिले दोन दिवस उंचीची सवय होऊ द्यावी. छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबावे.

गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही हे लागू आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून तिथली गोंडोला काही मिनिटांत जवळपास ४,००० मीटरपर्यंत पोहोचवते. आदल्या दिवशी मुंबईत असलेल्या सत्तरीच्या माणसाने थेट वर जाण्याची घाई करू नये. हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

आपल्याकडे बर्फ नसला तरी टेकड्या आहेत, गड आहेत. दर रविवारी एकत्र टेकडी चढणारी साठीची जोडपी अनेक शहरांत दिसतात. त्यांच्यापैकी एकाचे गुडघे कुरकुरू लागले, तर टेकडीऐवजी सपाट रस्ता घ्यावा, काठी घ्यावी, अंतर निम्मे करावे. पण दोघांनी एकत्र बाहेर पडणे सुरूच ठेवावे.