वॉल-टू-वॉल कार्पेट: घरी स्वतः बसवू नका, खरं तर बसवूच नका

गेल्या वर्षी जूनमध्ये एक गृहस्थ सुजलेला उजवा गुडघा घेऊन आले. वाटीच्या बरोबर पुढे लिंबाएवढी मऊ सूज, हात लावला तर गरम. कुठे पडलात का, असं विचारलं तर म्हणाले, "नाही हो डॉक्टर, शनिवार-रविवार बेडरूममध्ये कार्पेट बसवलं. व्हिडिओ बघून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक इंच फरशी दिसत नाही." दुखणं बाजूला राहिलं, आवाजात कौतुकच जास्त होतं.

मी औषध लिहिलं, विश्रांती सांगितली आणि विषय संपवला. तिथे मी चुकलो. पुढच्या दोन महिन्यांत त्यांची दहा वर्षांची मुलगी तीन वेळा माझ्याकडे आली. सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका, चोंदलेलं नाक, रात्रीचा कोरडा खोकला. तिसऱ्या वेळी तर छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दोन वेळा मी फक्त ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. तिच्या घरात काय अंथरलंय हे वडिलांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तरी दोन गोष्टी जोडायला मला तिसरी भेट लागली. मुलगी आईवडिलांबरोबर त्याच खोलीत झोपत होती.

"कार्पेट काढून टाका," मी म्हटलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, "पण डॉक्टर, मी स्वतः बसवलंय ते."

हे वाक्य ऐकलं म्हणून हा लेख लिहितोय. विकत आणलेली उशी टाकून द्या म्हटलं तर लोक टाकतात. दोन दिवस गुडघ्यांवर रांगून, बोटं कापून घेऊन बसवलेली वस्तू कोणी उपटत नाही. त्याऐवजी समोरच्या बांधकामाची धूळ, शेजारच्यांची कबुतरं, बदललेलं हवामान, सगळ्यांवर संशय घेतला जातो. तेवढे महिने मूल खोकत राहतं.

आता कार्पेटमध्ये होतं काय ते बघू. घरातल्या धुळीत माईट्स नावाचे कोळ्याच्या जातीचे सूक्ष्म जीव असतात. आकार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून रोज गळणारे त्वचेचे कण खाऊन जगतात. एक माईट दिवसाला साधारण २० वेळा विष्ठा टाकतो आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः या विष्ठेतल्या प्रथिनांची. घरातल्या धुळीची ॲलर्जी आणि हे माईट्स यांचा संबंध नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिला, तेव्हा ही काही कालपरवा निघालेली टूम नाही.

माईट पाणी पीत नाही. हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. हवा कोरडी झाली, आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली, की तो सुकून मरतो. म्हणून आल्प्ससारख्या उंच, कोरड्या डोंगराळ भागात माईट्स फार कमी आढळतात आणि माईट्सची ॲलर्जी असलेल्या मुलांना तिथे बरं वाटतं. कॅनडात किंवा मिनेसोटात राहणारे आपले नातेवाईक म्हणतात, आमच्याकडे तर घरभर कार्पेट असतं. असतं. पण तिथे हिवाळ्यात चार-पाच महिने हीटर चालतो आणि घरातली हवा ओठ फुटतील इतकी कोरडी होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय होतं ते सांगायला नको. मुंबईत, कोकणात, गोव्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, पुण्यातही कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्या दिवसांत खोलीभर लोकर किंवा नायलॉनचं जंगल पसरून ठेवायचं, म्हणजे माईट्सना आमंत्रण आणि चार महिन्यांचा मुक्काम. त्यात बाथरूमच्या भिंतीला ओल असेल तर कार्पेटच्या खाली बुरशी धरते. ती दिसत नाही, फक्त वास येतो, आणि आपण रूम फ्रेशनर मारतो!

आपल्या घरांत अंथरायच्या वस्तू नव्हत्या असं नाही. सतरंजी होती, चटई होती, घोंगडी, जाजम, गोधडी होती. पण त्या सगळ्या उचलता येत. गच्चीत नेऊन झटकायच्या, उन्हात टाकायच्या, गोधडी धुवायची. उन्हात कडकडीत वाळलेल्या अंथरुणात माईट्स टिकत नाहीत. फरशीला गोंदाने चिकटवलेलं कार्पेट उन्हात कसं नेणार? माझा आक्षेप कार्पेटच्या मऊपणाला नाही, चिकटवण्याला आहे.

"आम्ही रोज व्हॅक्युम करतो." वरवरची धूळ निघते, ते चांगलंच. पण जिवंत माईट पायांनी धाग्याला घट्ट धरून खोल बसतो, तो बहुतांशी तिथेच राहतो. हेपा फिल्टर नसलेल्या साध्या मशीनमधून बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येतात. "कार्पेट धूळ धरून ठेवतं, मग हवा उलट स्वच्छ राहते" असंही विक्रेते सांगतात. धरून ठेवतं, हे खरं. कोणी चालेपर्यंत. आणि रांगणारं बाळ तर नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर ठेवूनच फिरत असतं. "एसी आहे ना!" रात्री आठ तास आहे. उरलेले सोळा तास खिडकी उघडी आहे.

एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर गुळगुळीत टाइल्सवर पडायची भीती असते, आणि सुट्या पायपुसण्यात, गोळा झालेल्या सतरंजीत पाय अडकूनही लोक पडतात. पण यावर उपाय म्हणजे खालून रबराची पकड असलेली मॅट, बाथरूममध्ये धरायला दांडी आणि रात्रीचा छोटा दिवा. सबंध खोली मढवायची गरज नाही.

हेही स्पष्ट सांगतो: कार्पेटमुळे धडधाकट माणसाला दमा होतोच, असं माझं म्हणणं नाही. आणि नुसतं कार्पेट काढून दमा बराही होत नाही, कारण माईट्सचं मोठं घर गादी आणि उशी आहे. पण ज्या घरात कोणाला ॲलर्जी, दमा, एक्झिमा आहे, तिथे हा भार मुद्दाम वाढवायचा कशाला?

आता स्वतः बसवण्याबद्दल. त्या गृहस्थांना झाला होता गुडघ्याच्या वाटीपुढच्या पिशवीचा दाह. इंग्रजी पुस्तकांत याला मोलकरणीचा गुडघा म्हणतात, फरशी पुसून पुसून होणारा. परदेशी व्हिडिओत कार्पेट ताणायला एक अवजार दाखवतात, त्याला गुडघ्याने धक्के मारायचे असतात. नायॉश या अमेरिकी संस्थेने १९९० मध्ये याबद्दल इशारा दिला होता. तिथल्या एकूण कामगारांत कार्पेट बसवणारे ०.०६ टक्क्यांहून कमी, पण गुडघ्याच्या इजेसाठी नुकसानभरपाईचे ६.२ टक्के दावे त्यांचे. रोज हे काम करणाऱ्यांची ही गत, मग तुम्ही तर आठवडाभर खुर्चीत बसणारे. अशी सूज लाल, गरम झाली आणि ताप आला तर आत पू असू शकतो. तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आपल्याकडे टाइल्सवर खिळे मारता येत नाहीत म्हणून बहुतेक लोक रबराचा गोंद वापरतात. त्यांतल्या बऱ्याच गोंदांत टोल्युइनसारखी द्रावणं असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणजे खालीच साचते, आणि तुम्ही तोंड खाली करून तिथेच बसलेले असता. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सूचना आहे. चहा घेऊन पुन्हा कामाला लागायचं नसतं, बाहेर पडायचं असतं. ही वाफ पेट घेते, त्यामुळे शेजारच्या खोलीत देवापुढची समईसुद्धा नको. दमेकरी, गरोदर बाई आणि लहान मूल यांना वास पूर्ण जाईपर्यंत दुसरीकडे ठेवा.

कटरने डाव्या हाताचं बोट कापणं हे तर ठरलेलंच. बोटाचं टोक बधिर वाटलं किंवा बोट वाकवता येईना, तर नस किंवा स्नायूचा दोर तुटला असू शकतो, पट्टी बांधून थांबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून सांगा.

आणि ज्यांनी आधीच बसवलंय त्यांनी? घरात शिंका, खोकला नसेल तर निदान पावसाळ्यात कोपरे उचलून ओल तपासा. त्रास असेल तर काढा. काढायचं काम ॲलर्जी असलेल्याने करायचं नाही. त्याला दोन-तीन दिवस बाहेर पाठवा. एन-९५ मास्क लावा, पंखा बंद, खिडक्या उघड्या. वरून पाण्याचा हलका फवारा मारून दोन-दोन फुटांच्या पट्ट्या कापा, गुंडाळून लगेच पिशवीत भरा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, पुढचे काही आठवडे रोज. गादी-उशीला माईट्स रोखणारी घट्ट विणीची खोळ घाला, चादरी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. इन्हेलर चालू असेल तर मनाने बंद करू नका. ॲलर्जीकारक कण घरातून जायला महिने लागतात.

त्या मुलीच्या वडिलांनी गणपतीच्या आधी कार्पेट काढलं. बसवायला दोन दिवस लागले होते, गोंद खरवडायला चार. दिवाळीनंतर तिचा रात्रीचा खोकला थांबला. इन्हेलर मात्र अजून चालू आहे, आणि फरशीवरचे पिवळे डाग काही केल्या जात नाहीत, असं ते परवा सांगत होते.